बोलणं पोचलं तरच बोललं: नेट न्यूट्रॅलिटी समजून घेताना

१९५० साली मुंबईतून ‘क्रॉस रोड्स’ नावाचं एक इंग्रजी साप्ताहिक निघायचं. संपादक, मुद्रक, प्रकाशक सगळं रमेश थापर. सरकारी धोरणांवर त्यात सडकून टीका असायची. तेव्हाच्या मद्रास सरकारनं हुकूम काढला की हा अंक आमच्या राज्यात आणायचा नाही, विकायचा नाही, वाटायचा नाही. इकडे मुंबईत छपाई चालूच होती, लिहायलाही कुणी बंदी घातली नव्हती. फक्त अंक तिकडच्या वाचकाच्या हातात पडू द्यायचा नव्हता. थापर सुप्रीम कोर्टात गेले. राज्यघटना लागू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. मे १९५० मध्ये कोर्टानं सांगितलं की अभिव्यक्तिस्वातंत्र्यात प्रसाराचं स्वातंत्र्यही येतं. छापलेलं लोकांपर्यंत जाऊच दिलं नाही, तर छापायला मिळालेल्या मोकळीकीला काही किंमत उरत नाही.

नेट न्यूट्रॅलिटी म्हटलं की बहुतेकांना तो टॉवर आणि राउटरवाल्यांचा विषय वाटतो. माझ्या लेखी तो थापरांच्या खटल्याचा पुढचा अंक आहे. आज कुणी मराठीत लेख लिहिला, पॉडकास्ट केला, वॉर्डातल्या गटारांचा व्हिडिओ टाकला, तर तो आपल्यापर्यंत आणायचं काम मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनी करते. दुसरा मार्गच नाही. मग त्या कंपनीला निवड करायची मुभा असावी का, हा प्रश्न थेट बोलण्याच्या हक्काला येऊन भिडतो.

नियम साधा आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या सगळ्या मजकुराला सारखं वागवायचं. कुणाचं अडवायचं नाही, कुणाचं मुद्दाम हळू करायचं नाही, पैसे घेऊन कुणाला पुढे काढायचं नाही, आणि ही साइट स्वस्त, ती महाग असे दर लावायचे नाहीत. टिम वू या अमेरिकी कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ मध्ये एका निबंधात हा शब्दप्रयोग रूढ केला. घरातल्या विजेचं बघा ना. जितके युनिट जळले तितकं बिल आपण भरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण उद्या वीज कंपनी म्हणाली की आमच्या भावाच्या कंपनीचा फ्रीज घेतलात तर पूर्ण दाबानं वीज मिळेल, दुसरा घेतलात तर मिणमिणती, तर ते कुणीच चालवून घेणार नाही.

आपण काय उघडतोय हे कंपनीला कळतं तरी कसं? फोनवर साइट उघडली की तिचा मजकूर छोट्या छोट्या तुकड्यांत येतो, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर कुठून निघालं आणि कुठे जायचंय याचा पत्ता असतो. साइटच्या नावाआधी ‘एचटीटीपीएस’ असेल, आणि आज बहुतेक ठिकाणी असतंच, तर आतला मजकूर कंपनीला वाचता येत नाही. साइटचं नाव मात्र बहुधा दोनदा उघडं पडतं. एकदा, या नावाचा सर्व्हर कुठे आहे असं फोन विचारतो तेव्हा. दुसऱ्यांदा, त्या सर्व्हरशी पहिली ओळख होते तेव्हा. म्हणजे तुम्ही कोणता लेख वाचला हे दिसलं नाही तरी कोणाच्या दारात गेलात हे दिसतं, आणि अडवायला तेवढं पुरतं. भारतातल्या कंपन्या साइट बंद करताना या दोन्ही जागांचा उपयोग करतात, हे अभ्यासातून दिसलेलं आहे.

मला बंद करण्यापेक्षा हळू करण्याची जास्त धास्ती वाटते. साइट बंद झाली की ते दिसतं, लोक आरडाओरडा करतात, बातमी होते. हळू केलेल्या साइटचं तसं होत नाही. विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या कुणीतरी व्हिडिओ उघडतो, मधोमध ते चक्र फिरत राहतं, बोरिवली येईपर्यंत तो वाट बघतो, ‘नेट गंडलंय’ म्हणतो आणि दुसरं काहीतरी लावतो. पुन्हा त्या चॅनेलकडे तो वळेलच असं नाही. आणि ज्यानं तो व्हिडिओ रात्री जागून एडिट केला, त्याला आपला प्रेक्षक कुठे गळला हे कधीच समजत नाही. कोणी गुन्हा केला नाही, कोणी नोटीस दिली नाही, आवाज मात्र विरला.

आता कशाला भेदभाव म्हणायचा नाही, तेही सांगते, कारण यात फार गोंधळ होतो. जास्त पैशांत जास्त वेगाचा प्लॅन, हा भेदभाव नाही. तो वेग सगळ्या साइटना सारखाच मिळतो. ठरलेला डेटा संपल्यावर सगळंच मंदावतं, तेही चालतं. रिचार्जसोबत एखाद्या ओटीटीचं सबस्क्रिप्शन फुकट मिळतं तेव्हा ॲपची फी माफ होते, डेटा तुमच्या कोट्यातूनच जातो. आणि मोठ्या कंपन्यांचे व्हिडिओ भराभर चालतात त्यामागे बरेचदा त्यांनी मुंबई-नवी मुंबईतच ठेवलेले सर्व्हर असतात. मजकूर जवळून येतो म्हणून लवकर येतो. छोट्या मराठी साइटचा सर्व्हर परदेशात असेल तर ती मागणी समुद्राखालच्या केबलमधून जाते आणि मजकूर तसाच परत येतो. अशा बऱ्याच केबल आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात. पैसेवाल्याला इथे फायदा आहे, हे खरंच. पण तो स्वतःच्या खर्चानं जवळ आलाय, कुणाला मागे ढकलून नाही. आपल्या नियमांनी या सोयीला बाहेर ठेवलंय आणि ते मला पटतं.

कंपनीला मोकळीक दिली तर ती खरंच कुणाचं तोंड बंद करेल का, असं लोक विचारतात. कॅनडात २००५ मध्ये हे घडलं. टेलस ही तिथली मोठी टेलिफोन आणि इंटरनेट कंपनी. तिच्या कामगारांशी तंटा चालू होता आणि कामगारांची बाजू मांडणारी एक साइट होती. टेलसनं आपल्या ग्राहकांसाठी ती बंद करून टाकली. त्याच सर्व्हरवर राहणाऱ्या सातशेहून जास्त असंबंधित साइटही सोबत गेल्या. काही दिवसांत बंदी उठली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. आपल्या गिरणगावाच्या इतिहासात हे ठेवून पाहिलं की अंगावर काटा येतो. मालकाच्या विरोधात संपावर बसलेल्या माणसाचं पत्रक मालकाच्याच हातून वाटलं जायचं असेल, तर ते कधी वाटलं जाईल?

याच ठिकाणी कंपन्यांचा सर्वांत तगडा युक्तिवाद येतो, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. अमेरिकेत कंपन्या म्हणाल्या की अभिव्यक्तिस्वातंत्र्य आम्हालाही आहे. वर्तमानपत्राचा संपादक काय छापायचं ते ठरवतो, तसं आमच्या जाळ्यातून काय न्यायचं ते आम्ही ठरवू. सरकारनं ‘सगळं न्या’ अशी सक्ती करणं म्हणजे आमच्याच बोलण्यावर घाला. ब्रेट कॅव्हनॉ अपील कोर्टात न्यायाधीश असताना त्यांनी २०१७ मध्ये आपल्या भिन्नमतात हाच विचार मांडला होता. पुढे ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेले.

आपल्याकडे कुणी असा दावा केला तर हाताशी एक मराठी निकालही आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या ‘सकाळ’नं केंद्र सरकारविरुद्ध खटला जिंकला. किती किमतीत किती पानं द्यायची हे सरकार ठरवू पाहत होतं, आणि हेतू सांगितला जात होता लहान वर्तमानपत्रांना जगवण्याचा. कोर्टानं तो कायदा रद्द केला. पानं कमी करायला लावली किंवा किंमत वाढवायला लावली तर खप घटतो, आणि खप हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, असं कोर्टाचं म्हणणं. मग लहानांना जगवण्यासाठी मोबाइल कंपन्यांवर बंधन घालणं याच निकालाच्या विरुद्ध नाही का?

मला तसं वाटत नाही. ‘सकाळ’ स्वतः बोलत होता. अग्रलेखाखाली त्याचं नाव, बदनामी झाली तर खटला त्याच्यावर. मोबाइल कंपनी तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या मजकुराची जबाबदारी घेते का? मुळीच नाही. उलट ‘आम्ही फक्त वाहून नेतो’ असं सांगून ती त्या जबाबदारीतून सुटते, आणि कायदाही तिला ती सूट देतो. वाहून नेणारा म्हणून सूट घ्यायची आणि संपादक म्हणून निवडही करायची, हे दोन्ही एकदम मिळता कामा नये. ‘सकाळ’चा निकाल खपाचं संरक्षण करतो, आणि नेट न्यूट्रॅलिटीही नेमका खपच राखते: तुमचा, माझा, कुठल्याही दोनशे वाचकांच्या ब्लॉगचा.

भारतातली लढाई २०१५ च्या मार्चमध्ये पेटली, आणि तारखा लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. २४ मार्चला सुप्रीम कोर्टानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे इंटरनेटवर ‘आक्षेपार्ह’ काही लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम, रद्द केलं. त्या खटल्याची ठिणगी आपल्या शेजारीच पडली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं त्याबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. ६६अ गेलं तेव्हा आनंद झाला, आणि तिसऱ्याच दिवशी, २७ मार्चला, दूरसंचार नियामक प्राधिकरणानं म्हणजे ट्रायनं ११८ पानांचा एक सल्लामसलतीचा मसुदा काढला. व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या सेवांना परवाना लागावा का, त्यांच्यासाठी वेगळे दर असावेत का, असे २० प्रश्न त्यात होते. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलनं इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी जादा पैसे घ्यायचं जाहीर करून, गदारोळ झाल्यावर मागे घेतलं होतं.

एरवी अशा मसुद्याला वकील आणि कंपन्याच उत्तरं देतात. त्या एप्रिलमध्ये काही स्वयंसेवकांनी ते २० प्रश्न सोपे करून मांडले, मुंबईतल्या एका विनोदी गटाचा व्हिडिओ घराघरांत फिरला, आणि ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्याच महिन्यात एअरटेलनं ‘एअरटेल झीरो’ आणलं. ॲपवाल्या कंपनीनं पैसे भरायचे, मग तिचं ॲप ग्राहकाला फुकट. त्यात जाणार असलेली फ्लिपकार्ट टीकेनंतर बाहेर पडली.

मग फेसबुकचं ‘फ्री बेसिक्स’ आलं. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांना ठरावीक साइट बिनपैशात. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, आणि वापरणाऱ्यांना ट्रायकडे तयार संदेश पाठवायचं आवाहन. सल्लामसलतीला जनमताच्या कौलाचं स्वरूप दिल्याबद्दल ट्रायनं फेसबुकला कडक शब्दांत सुनावलं होतं.

आमच्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, अजूनही यावर माझ्याशी भांडतात.

‘अगं, गरिबाला चार साइट फुकट मिळत होत्या. त्यात तुम्हा लोकांचं काय जात होतं?’

‘काका, त्या चार कोणत्या हे कोण ठरवणार होतं?’

‘फेसबुक. त्यांची सोय, त्यांची यादी.’

‘आणि तुमचा आदू किल्ल्यांचं चॅनेल चालवतो, ते त्या यादीत आलं असतं?’

‘त्याचे तर व्हिडिओ असतात.’

‘व्हिडिओ तिथे चालणारच नव्हते. तशी अटच होती.’

काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘तरी पण काहीच नसण्यापेक्षा बरं.’

हा मुद्दा मी हलका मानत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ‘तत्त्वासाठी थांब’ सांगणं सोपं असतं. म्हणून पुढे काय झालं ते पाहायला हवं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायनं मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्याला बंदी घातली. मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. आणीबाणीच्या सेवांना सूट ठेवली. ‘फ्री बेसिक्स’ बंद झालं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं, आणि एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजणाऱ्या देशात डेटाचे भाव कोसळले. मार्च २०१६ अखेर देशात सुमारे ३४ कोटी इंटरनेट ग्राहक होते. सप्टेंबर २०१८ अखेर ते ५६ कोटी झाले. या सगळ्यांना चार साइट मिळाल्या नाहीत, अख्खं इंटरनेट मिळालं. त्या भावयुद्धात कित्येक कंपन्या बुडाल्या आणि आज मोबाइल डेटाचा बहुतेक बाजार दोघांच्या हातात आहे, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. पण बाजार असा दोघांकडे एकवटला असताना भेदभावाला बंदी असणं जास्तच गरजेचं आहे. ग्राहकाला उठून जायला जागा कुठे आहे?

दरांवरची बंदी झाली, वेगाचं काय? जुलै २०१८ मध्ये केंद्रानं ट्रायच्या शिफारशी मान्य केल्या आणि कंपन्यांच्या परवान्यांत अट घातली गेली: मजकूर अडवायचा नाही, बिघडवायचा नाही, हळू करायचा नाही, कुणाला झुकतं माप द्यायचं नाही. दूरवरून होणाऱ्या शस्त्रक्रियेसारख्या खास सेवांना वगळलं. सरकारच्या कायदेशीर आदेशानं होणारी बंदीही वगळली.

ते शेवटचं वगळणं नीट वाचा. आपला नियम कंपनीला बांधतो, सरकारला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ६९अ खाली सरकार साइट बंद करायला सांगू शकतं, आणि त्या आदेशांबाबत गुप्तता पाळायची असं २००९ चे नियम सांगतात. ६६अ पाडणाऱ्या त्याच निकालात कोर्टानं ६९अ कायम ठेवलं होतं. अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद करणं हा आणखी पुढचा प्रकार. तिथे कंपनीचा काडीचा भेदभाव नसतो, सगळ्यांचंच बंद. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरून झालेल्या अनुराधा भसीन खटल्यात, १० जानेवारी २०२० ला, सुप्रीम कोर्टानं म्हटलं की इंटरनेटवरून बोलण्याला घटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे, आणि शटडाउनचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत.

तसंच यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामनं पोस्ट काढली, तर तोही नेट न्यूट्रॅलिटीचा भंग नव्हे. ते व्यासपीठ आहे, त्याचे नियम वेगळे आणि त्यावरची भांडणंही वेगळी. त्यातलं एक मोठं भांडण आपल्या मुंबई उच्च न्यायालयात लढलं गेलं. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा कोणता मजकूर खोटा हे सरकारनंच नेमलेल्या पथकानं ठरवायचं, अशी तरतूद २०२३ मध्ये आली. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतरांनी तिला आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं गेलं, आणि २० सप्टेंबर २०२४ ला तिसऱ्या न्यायमूर्तींनी, अतुल चांदूरकर यांनी, ती घटनाबाह्य ठरवली. कंपनी, व्यासपीठ आणि सरकार अशा तीन ठिकाणी बोलणं अडू शकतं. नेट न्यूट्रॅलिटी पहिल्याच ठिकाणची राखण करते, आणि तिच्याकडून बाकीच्या दोन कामांची अपेक्षा धरली की लोक तिला निरुपयोगी ठरवून मोकळे होतात.

अमेरिकेत २०१५ मध्ये कडक नियम आले, २०१७ मध्ये काढले, २०२४ मध्ये परत आणले, आणि २ जानेवारी २०२५ ला अपील कोर्टानं पुन्हा पाडले. तिथल्या संसदेनं कायदा न केल्यानं दूरसंचाराचे नियम करणाऱ्या आयोगातलं बहुमत बदललं की नियम बदलतो. आपल्यालाही निर्धास्त राहता येणार नाही. इथेही संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. जे आहे ते ट्रायच्या विनियमात आणि परवान्याच्या अटींत.

आणि दार ठोठावणं चालूच आहे. यूट्यूब, नेटफ्लिक्स आमचं जाळं इतकं वापरतात तर त्यांनी आमच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी गेली काही वर्षं दूरसंचार कंपन्या करताहेत. २०२३ मध्ये ट्रायनं ओटीटी सेवांवर पुन्हा मसुदा काढला तेव्हाही ती झाली. ऐकायला रास्त वाटते. पण व्हिडिओ ग्राहकानं मागवलेला असतो आणि त्याच्या डेटाचे पैसे त्यानं रिचार्ज करतानाच भरलेले असतात. तीच वाहतूक दुसऱ्या टोकाकडून पुन्हा विकायची ही कल्पना आहे. दक्षिण कोरियात जाळ्याच्या वापराचे पैसे आकारले जातात. तिथला खर्च परवडत नाही म्हणून ट्विच ही थेट प्रक्षेपणाची सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडून गेली, आणि तिची मालकी ॲमेझॉनची आहे. ॲमेझॉनच्या घरातल्या सेवेला जे झेपलं नाही ते दादरच्या एका खोलीतून चालणाऱ्या मराठी व्हिडिओ साइटला झेपेल, असं मानणं मला जमत नाही.

तुमच्या घरी एखादीच सेवा रखडते असं वाटत असेल तर घरबसल्या थोडी तपासणी करता येते. फास्ट डॉट कॉम ही वेग मोजणारी साइट नेटफ्लिक्सची आहे आणि नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते. ती चालवा, लगेच दुसरी एखादी वेग मोजणारी साइट चालवा. दुसरीकडे वेग भरपूर आणि इथे वारंवार फारच कमी, तर शंकेला जागा आहे. मग रखडणारी साइट व्हीपीएन, म्हणजे तुमची वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, लावून उघडा. व्हीपीएनमध्ये तुम्ही कुठे जाताय हे कंपनीला दिसत नाही. त्यानं वेग सुधारला तर शंका बळावते. सिद्ध मात्र होत नाही, कारण व्हीपीएननं मार्गही बदलतो. म्हणून सकाळी, दुपारी आणि रात्री, दोन-तीन दिवस करून पाहा, आणि शेजारी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन असेल तर तिथेही.

तक्रार आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे करून तिचा क्रमांक घ्यायचा. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः हाताळत नाही. ‘नेट स्लो आहे’ एवढंच लिहिलंत तर राउटर बंद करून चालू करा असं उत्तर येईल. कोणती साइट, कोणत्या तारखेला, किती वाजता, त्याच मिनिटाला दुसरी साइट किती वेगानं चालली, हे लिहा, स्क्रीनशॉट जोडा, आणि २०१८ मध्ये परवान्यात घातलेल्या भेदभावबंदीच्या अटीचा भंग होत असल्याची शंका आहे हे वाक्य त्यात आवर्जून घाला.